अण्णांच्या नावाआधी

देवरुखच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. तिच्यावर डोस मोजायची खाचांची कागदी पट्टी, स्वतः कापून चिकटवलेली. "तिकडे डॉक्टर महाग असतील," म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. सहार विमानतळावर मी ती पट्टी नखाने खरवडून काढली. माझ्यासारखं सिंगापूरला आलेल्यांनो, तुम्हीही काहीतरी खरवडलं असेलच, उगाच नाही म्हणू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पासिर रिसच्या फ्लॅटवरून एमआरटीच्या ट्रेनने युनिव्हर्सिटीत जायचं आणि दोन्ही कोरिया उद्या एक झालेच तर उत्तरेकडचे दवाखाने कसे चालवायचे, याचा आराखडा करायचा, ही माझी नोकरी. गावी हे समजावताना तारांबळ उडायची. आमच्या प्रमुख मिनबाई दक्षिणेतल्या. त्यांची थोरली बहीण युद्धात उत्तरेतच अडकली. ती नर्स होती, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॅन्टीनमध्ये वडील काय करतात विचारलं आणि मी "डॉक्टर" म्हणून मोकळा झालो.

मसुद्यात मी लिहिलं, उत्तरेतल्या अर्धशिक्षित कर्मचाऱ्यांना आधी घरी बसवावं. मिनबाईंनी ते दोनदा वाचलं. "माझी बहीण या वाक्यात बसते," म्हणाल्या. "तुझे वडील खेड्यातले डॉक्टर ना? त्यांना विचार."

विचारलं. अण्णांनी चार पानं पाठवली. कुठली औषधं आधी संपतात, पावसात काय साठवायचं, सगळं. शेवटी होतं, "जुन्या माणसांना काढू नका. नवा डॉक्टर तपासेल, पण कुठल्या घरात कोण खोकला लपवतंय ते जुन्यांनाच माहीत." अहवालातलं तेच प्रकरण सगळ्यांत चांगलं झालं. आभारात घालायला मिनबाईंनी अण्णांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. नावाआधी त्या काय लावणार, मला माहीत होतं. मी फक्त स्पेलिंग सांगितलं.

एक प्रत त्यांनी परस्पर देवरुखला पाठवली. थोड्याच दिवसांत अण्णांचं पत्र आलं. "पुस्तक पोचलं. माझ्या नावाआधी डॉ. पडलंय. छापणाऱ्याची चूक असणार. दुरुस्त करून घे. लेबल चुकीचं नको."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आयतं कारण हाती आलं होतं, तेच मी मिनबाईंना सांगितलं: अण्णा नावाआधी डॉ. लावत नाहीत, ते छापणाऱ्याने घातलं. आपण काय लिहून दिलं होतं ते न तपासता त्या बिचाऱ्या छापखान्यावर चिडल्या आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवून घेतलं.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी विषय काढला नाही. मीही नाही. आता ते नाहीत. घर म्हटलं की मला देवरुख आठवण्याआधी त्यांची ती ओळ आठवते. त्यांना सगळं कळलं होतं, तरी माझं पाप त्यांनी कुणा अनोळखी माणसावर ढकललं, मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून. त्या जागेवर मी इतकी वर्षं निर्लज्जासारखा बसून आहे.

तेव्हा गावच्या मंडळींनो, आणि मिनबाई, तुम्ही असाल तिथे: छापणाऱ्याची काही चूक नव्हती.