पहिला घोट म्हाळप्पाचा

आमच्या बोळातल्या विहिरीचं पाणी म्हाळप्पानं तोंडात घेतल्याशिवाय कुणी भरत नसे. उजाडलं की तो पहिला पोहरा शेंदायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा आणि डोळे मिटून तसाच उभा राहायचा. घागरी घेऊन आलेल्या बायका गप्प. मग तो घोट गिळून "घ्या की" म्हणायचा आणि रहाटाचा करकराट नि बायकांचा कलकलाट एकदमच सुरू व्हायचा. मी बार्शीहून सोलापुरात मास्तरकीला आलो, शुक्रवार पेठेत खोली घेतली आणि दुसऱ्याच दिवशी घाईघाईत त्याच्या आधी बादली सोडली. त्यानं दोर धरून ठेवला. म्हणाला, "मास्तर, घंटा व्हायच्या आदी शाळा भरती का तुमची? हितली घंटा मी हाय."

तो सांगोल्याकडचा धनगर. रोगानं मेंढरं गेली, पाठोपाठ बायको गेली, आणि हा एकटा चालत सोलापूरला आला. विहिरीचा गाळ काढायचा, दोर बदलायचा, काठावर कुणाला चपला घालून येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्याबद्दल बोळातली घरं पाळीपाळीनं त्याला भाकरी द्यायची. विहिरीलगतच्या छपरीत तो निजायचा. घागरींवरून कुणाकडे पाहुणे आलेत ते त्याला कळे आणि तो खुशाल विचारीही. मीही एकटाच, त्यामुळे संध्याकाळी त्याच्याशी बोलत काठावर बसायचो. एकदा तो हसत म्हणाला, "मला मागं-फुडं कोन न्हाय, मास्तर. पन सकाळच्या पारी अख्खा बोळ माझ्या तोंडाकडं बगतो."

पुढं बोळामागच्या मोकळ्या जागेत कुणीतरी मोटारींचा अड्डा काढला. बार्शीच्या मोटारी तिथून सुटू लागल्या आणि पेट्रोलसाठी मालकानं एक लोखंडी टाकी जमिनीत पुरून घेतली. वर्षभर काही झालं नाही. मग एका सकाळी म्हाळप्पानं घोट थुंकून टाकला. "आज नगं. घासलेटावानी लागतंय." मी वास घेऊन पाहिला, मला काही कळलं नाही. बायकांनाही कळलं नाही, दोघी-तिघी कुरकुरल्या. चार दिवसांनी मात्र सगळ्यांनाच वास येऊ लागला. मोटारमालकाकडे गेलो, तर तो म्हणाला, "टाकी लोखंडाची आहे, चाळण नाही."

विहिरीत मांजर पडलं, काही घाण गेली, तर सगळी विहीर उपसून काढायची, ही आपल्याकडची रीत. म्हाळप्पानं तेच ठरवलं. दोन दिवस उपसा चालला. तळ दिसल्यावर तो स्वतः आत उतरला. मोटारींच्या अड्ड्याकडच्या अंगाला एक झरा गाळानं कैक वर्षं बुजला होता. तो त्यानं पहारीनं फोडून मोकळा केला. "नवं पानी आलं की समदं धुऊन निघतंय," असं तो खालून ओरडून सांगत होता. झरा भरभरून वाहू लागला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचे रंगीत तवंग फिरत होते आणि काठावर उभं राहवत नव्हतं. मग नगरपालिकेचे ओव्हरसियर आले. त्यांनी टाकी उकरायला लावली. तिचा तळ गंजून भोकं पडली होती आणि खालचा मुरूम काळा, तेलकट झाला होता. ते म्हणाले, "पेट्रोल मुरमाच्या भेगांतून हळूहळू सरकत होतं. तुम्ही विहीर रिकामी केलीत, तेव्हा चहूकडचं पाणी आत धावलं आणि ते घेऊनच आलं. त्यात हा झरा फोडलेला."

"म्हंजी मीच वाट करून दिली," म्हाळप्पा म्हणाला. पाणी कधी सुधारेल, असं मी विचारलं. टाकी काढली तरी माती तशीच आहे, सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

बोळ पेठेच्या टोकाच्या नळावर जाऊ लागला. म्हाळप्पाला कुणी बोल लावला नाही, पण त्याच्याकडे यायचं कारणही कुणाला उरलं नाही. भाकरीच्या पाळ्या चुकू लागल्या. तो मात्र रोज उजाडता पोहरा शेंदायचा, घोट थुंकायचा आणि रिकाम्या काठाला सांगायचा, "आज नगं." खिडकीशी दाढी करताना मला ते ऐकू यायचं. मी बाहेर जात नसे. काय बोलावं ते सुचत नसे, हे एक. आणि कंटाळाही होता, हे कबूल केलं पाहिजे.

कित्येक महिन्यांनी एका सकाळी त्यानं माझं दार वाजवलं. चेहरा नुसता फुलला होता. "मास्तर, ग्वाड झालं. चला की." मी घागर घेऊन गेलो. पोहरा वर येतानाच तो वास नाकात शिरला. रोज तेच हुंगून, तेच तोंडात धरून त्याचं नाक नि जीभ मेली होती. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "छान आहे." घागर भरली, घरी आणली आणि मागच्या गटारात ओतली. पुढं रोज हेच. तो पुन्हा गप्पा मारू लागला, थट्टा करू लागला. मलाही बरं वाटत होतं. तो स्वतः तेच पाणी पीत होता, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आठ-दहा दिवसांनी बोळात नवं बिऱ्हाड आलं. मी घागर भरत होतो तेव्हाच त्यातली बाई काखेत तान्हं मूल घेऊन विहिरीवर आली. म्हाळप्पानं तिच्यासाठी लगबगीनं पोहरा सोडला. "घ्या की, बाई. मास्तर रोज न्हेत्यात. इचारा त्यास्नी."

ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "नका नेऊ. पाण्याला पेट्रोलचा वास आहे."

बाई निघून गेली. म्हाळप्पानं पोहऱ्यात तोंड घालून हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग विचारलं, "तुमी न्हेत हुता ते कुटं वतत हुता?"

"गटारात."

त्यानं दोर गुंडाळून रहाटाला अडकवला. "कवा नगं, ते मी समद्यास्नी सांगितलं, मास्तर. मला सांगायला तुमी एकलंच हुता."

माझ्याकडे जेवा, राहा, असं मी पुष्कळ विनवलं. त्याच दुपारी घोंगडी खांद्यावर टाकून तो सांगोल्याच्या वाटेला लागला. पुढल्या वर्षी तिकडचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळलं की म्हाळप्पा वारला. कशानं, ते मी विचारलं नाही.