मुलांच्या नोंदवहीतली आत्या

वडील गेले, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला पाहिलेलं कुणी उरलं नाही. ती लहानपणीच वारली होती. तिने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने आपल्याला अक्षरं शिकवली, असं वडील सांगत, आणि ती गेल्यानंतर जन्मलेले धाकटे चुलते हसत, "दादा, निजामाच्या राज्यात धावड्यातली पोरगी साळंत गेल्ती म्हंतो तू? बिलकुल न्हाई." तेराव्यानंतर मी धावड्याला, गावच्या शाळेत जाऊन मुलींची जुनी नोंदवही मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, तेव्हा गावात मुलींची शाळाच नव्हती." मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हटलं, मग मुलांची दाखवा. वही उर्दूत होती, तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. वाचायला भोकरदनहून एका निवृत्त उर्दू शिक्षकांना आणलं. उजवीकडून डावीकडे बोट सरकवत ते नावं वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. "ही तर मुलगी हाय. बापाचं नाव बराबर तुमच्या आजोबांचं. दुसरी पास. नाव कमी करण्याचं कारण, मौत." मी तिथूनच चुलत्यांना फोन लावला आणि सरांना तीच ओळ पुन्हा मोठ्याने वाचायला लावली.  चुलते म्हणाले, "दादा खरं बोलत व्हता. मीच उगं जन्मभर हसत राह्यलो." आता चुलतेही नाहीत. आत्याचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता, म्हणून वडिलांच्या फोटोशेजारी त्या ओळीचा फोटो लावलेला आहे.