फाइलचं नाव ‘पुढे’

‘बाईंना रिव्हर्स गिअर लागलाय!’

सर असं म्हणाले आणि माझ्या इअरफोनमध्ये वीस-पंचवीस जण एकदम हसले.

रविवारची दुपार. गोंदियात आमच्या वसतिगृहाच्या जिन्यावर बसले होते, कारण खोलीत नेट येत नाही. मोबाईलच्या पडद्यावर माझी माय होती. म्हणजे मी काढलेली. चौसष्ट ठिपके रुंद, चौसष्ट ठिपके उंच. कमरेत वाकलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंडी. सर तिला पुन्हा पुन्हा चालवत होते. ती मागे जायची. ते थांबवायचे, परत सुरू करायचे. ती परत मागे.

‘फाइलचं नाव वाचा मित्रांनो. पुढे. आणि बाई निघाल्या मागे!’

पुन्हा हशा.

गेमसाठी चित्रं काढणाऱ्या मराठी मुलामुलींचा हा ऑनलाइन ग्रुप. दर रविवारी नवशिक्यांची चित्रं सगळ्यांसमोर उघडतात आणि चुका सांगतात. चुका सांगणारा पुण्यात कुठल्याशा गेम कंपनीत कामाला आहे. वयानं फार मोठा नसेल. पण सगळे त्याला सर म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. माझा नंबर लागावा म्हणून मी महिनाभर वाट पाहिली होती. बोटानं, मोबाईलवर, आठ फ्रेम काढल्या होत्या. एकेका फ्रेममध्ये मायचा पाय चिखलातून किती उचलतो, हे मी डोळे मिटून आठवलं होतं.

मी कसाबसा माइक सुरू केला. ‘सर, ते उलटं नाही. ती रोवून राहिली.’

मग एक मुलगी म्हणाली, ‘राहिली? कुठे राहिली?’

‘एसटी चुकली असेल गं,’ दुसरा कोणी बोलला.

‘मागे मागे गेली ना, म्हणून राहिली!’

सरसुद्धा हसत होते. मी माइक बंद केला.

आमच्याकडे जेवून राहिली म्हणजे जेवते आहे. रोवून राहिली म्हणजे धान रोवते आहे. एवढंच. आणि रोवणा, म्हणजे भाताची लावणी, मागे सरत करतात. वाकायचं, रोप चिखलात खोवायचं, एक पाऊल मागे यायचं. पुढे चाललं तर आताच लावलेलं आपल्याच पायाखाली येईल. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. आणि अजून एक. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रांगेतली एखादी बाई रेंगाळली तर दुसऱ्या ओरडतात, ‘चाल वं, पुढं चाल!’ मग ती मागे सरते. काम पुढे जातं ना, म्हणून तेच पुढे. मी लहानपणापासून तेच ऐकलं. फाइलला नाव देताना माझ्या मनात दुसरा शब्द आलाच नाही.

हे सगळं मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

तेवढ्यात सरांनी विचारलं, ‘इथे कोणी भंडारा-गोंदियाकडचं आहे का? चालतात का तिकडे असं?’

एकानं लिहिलं, ‘मी तिथलाच आहे सर. असं काही नसतं. मोबाईलवर बनवलंय ना, फ्रेम उलट्या लागल्या असतील.’

त्यानं स्वतःसाठी इंग्रजी टोपणनाव घेतलं होतं, पण फोटो ओळखीचा होता. आमच्याच गावच्या मालगुजाराचा, म्हणजे मोठ्या जमीनदाराचा, नातू. पुण्यात शिकतो. मी ग्रुपमध्ये आले तेव्हा माझं गाव सांगितलं होतं. तेव्हा तो गप्प बसला होता. आज बोलला.

आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे, आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत रोवणा. माझी माय ह्याच्या घरच्या बांधीत रोवते, माझ्या जन्माच्या आधीपासून. लहानपणी हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसायचा. बायांची रांग वाकलेली, पाठ त्याच्याकडे, मागे सरत सरत त्याच्या खुर्चीपर्यंत यायची. तेव्हा तो पाय वर घ्यायचा. चिखल लागू नये म्हणून.

त्याला माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये स्टिकर तयार झालं. माझ्याच चित्रातली माय, मागची बाजू मोठी केलेली. खाली अक्षरं: ‘ती रोवून राहिली’. कोणाचं काम उशिरा आलं की ते स्टिकर. कोणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही की ते स्टिकर. माझ्या मायचं ढुंगण दिवसातून दहादा त्या ग्रुपमध्ये वर यायचं आणि त्याखाली हसणारे पिवळे चेहरे. माझ्या वर्गातली गोंदियाची एक मुलगी त्याच ग्रुपमध्ये होती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मला पाहून म्हणाली, ‘आ गई रोवनेवाली! बैठ ना, उलटी बैठेगी क्या?’ मी हसले. हेही लिहायला हवं. मी तिच्यासोबत हसले.

सरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. उजेड एकाच बाजूनं यायला हवा होता, माझ्या चित्रात तो दोन्हीकडून येत होता. आणि मायचे हात लांब झाले होते, सरळ उभी केली असती तर घोट्याला टेकले असते. हे मी आजही नाकारत नाही. त्या दोन गोष्टी मी त्यांच्याकडूनच शिकले. पण खरं आणि खोटं त्यांनी एकाच ताटात वाढलं, आणि मी ताट चाटून पुसून खाल्लं. उजेड सुधारला. हात सुधारले. आणि पायही सुधारले. आठही फ्रेम उलट केल्या. आता माय पुढे चालायला लागली.

का केलं? नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. जो ठामपणे बोलतो त्याला येत असेल, मलाच समजलं नसेल, अशी मला सवय आहे. वर्गातही मी आधी स्वतःचं उत्तर खोडते, मग मास्तरांचं ऐकते. डोळ्यांनी पाहिलेलं, पायांनी केलेलं, तेही मी खोडलं.

नवीन फाइल टाकली. सरांनी लिहिलं, ‘शाब्बास. आता कशी माणसासारखी चालतेय!’ खाली लाल बदाम. मालगुजाराच्या नातवाचाही एक बदाम होता.

त्या बदामांनी मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं.

शनिवारी गावाला गेले. चोरखमारा तलावाचं पाणी कालव्याला सुटलं होतं, रोवणा जोरात होता. माय नुकतीच बांधीतून आली होती, पाय धूत होती. उन्हाळ्यात मी तिला पहिलं चित्र दाखवलं होतं, तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली होती आणि एवढंच म्हणाली होती, ‘टाच बराबर काढली वं तू.’ तिच्या टाचेला भेग आहे. मी तिथे एक काळा ठिपका दिला होता. आता मी तिला सुधारलेलं दाखवलं.

तिनं ओले हात पदराला पुसले. मोबाईल जवळ धरला.

‘हे कोन होय?’

‘तूच.’

‘मी?’ तिनं परत पाहिलं. ‘हे तं आपल्याच हातचं तुडवून राहिली. हिले कोन कामाले ठेवते?’

आणि मोबाईल परत दिला. चिडली नाही. दुसऱ्या कोणाचं चित्र चुकून दाखवलं असावं, तसा दिला.

मी तिथेच, न्हाणीच्या दगडावर, बसून राहिले. ते हसले तेव्हा लागलं होतंच. पण हे जास्त लागलं. त्यांनी तिची चेष्टा केली होती. तुडवायला मी लावलं होतं.

रविवारी मीही तिच्यासोबत रोवण्याला गेले. बांधी मालगुजाराचीच. अकराच्या सुमाराला धुऱ्यावरून आवाज आला, ‘बायांनो, जरा वर बघा ना, हसा की!’ नातू सुट्टीला आला होता. पांढरे बूट घालून, मोबाईल काठीला लावून व्हिडिओ काढत होता. आपली माती, आपली माणसं, असं काहीतरी मोबाईलमध्ये बोलत होता. मी मान वर केली नाही. रोप, खोव, पाऊल मागे. रोप, खोव, पाऊल मागे. आमची रांग सरत सरत धुऱ्याशी आली. माझी टाच त्याच्या बुटापासून वीतभर राहिली.

त्यानं पाय वर घेतला.

सवयीनं. लहानपणी घ्यायचा तसाच.

मी सरळ उभी राहिले.

‘भाऊ, पाय काऊन उचलला?’

तो गोंधळला. ‘काय?’

‘असं काही नसते ना आपल्याकडं? मग मागून कोन येऊन राहिलं होतं, म्हून पाय उचलला?’

रांग थांबली. त्यानं आधी मोबाईल बंद केला. मग हसला. ‘अरे यार, तू ते अजून धरून बसलीस? मजाक सुरू होता तिथे.’

‘तुम्हाले माहीत होतं.’

‘माहीत होतं म्हणून काय तिथे सांगत बसू, की आमच्या शेतात बाया अशा वाकून मागे मागे चालतात? माझी काय इज्जत राहील? मला त्याच लोकांत राहायचंय.’

‘आन माह्या मायची?’

तो उत्तर देणार होता. त्याआधी मायच मध्ये आली. ‘गप वं!’ मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली आणि चिखलानं भरलेले दोन्ही हात जोडले. ‘बाबू, तुमी मनावर नका घेऊ. शिकून शिकून डोस्कं फिरलं पोरीचं.’ परत मला, ‘माफी माग.’

‘नाई मागत.’

‘माग म्हनतो ना!’

‘नाई.’

मी बोलायला शिकले ती जागा ही. कॉलेजात नाही, ग्रुपवर नाही. मायचे जोडलेले हात समोर असताना. तिला उघडं पाडून. ह्यात मला शौर्य वाटत नाही. पण तो शब्द मी परत घेतला नाही.

संध्याकाळी बायांची टोळी लावणारी म्हातारी दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. ‘उद्यापासून तुमी दोघी नोका येऊ. मालकानं सांगतलं.’ आणि गेली.

माय चुलीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. ‘तुह्या चित्रापाई माहा रोवना गेला,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तिसऱ्या गावच्या बांधीवर पायी गेली, आणि हंगाम संपेपर्यंत जात राहिली. माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मी तिची समजूत घातली नाही. तिची बाजू खरी होती. मी तिला न विचारता तिचं वाकणं अनोळखी लोकांपुढे उघडलं होतं. माझी खरी चूक तीच होती, आणि ग्रुपमध्ये ती कोणीच दाखवली नव्हती.

वसतिगृहात परतल्यावर ग्रुपमध्ये पहिलं चित्र परत टाकलं. उजेड सुधारलेला, हात सुधारलेले, पाय मूळचे. फाइलचं नाव तेच. खाली लिहिलं: ‘धान रोवताना बाई मागे सरते. ही माझी माय आहे. ते स्टिकर काढा.’

उत्तरं आली. स्टिकर करणारा म्हणाला, ‘चिल. त्यात कुठे कोणाचं नाव आहे?’ एक जण म्हणाला, ‘पुरावा काय? आईचा व्हिडिओ टाक, मग मानू.’ सर जरा नरमाईनं बोलले. ‘मान्य आहे, खरं असेल. पण खेळणाऱ्याला कळायला नको का? त्याच्या सोयीसाठी तिला पुढे चालव. हे टीका म्हणून घे, अपमान म्हणून नको.’

मी त्यावर खूप विचार केला. ते पूर्ण चुकीचं बोलत नव्हते. खेळणाऱ्याला कळायला हवं. पण त्याला कळेना म्हणून मायनं आपलं रोप तुडवायचं, हे कुठलं कळणं? त्याला शिकू दे की. मला उजेड शिकावाच लागला ना?

व्हिडिओ मी टाकला नाही. टाकणार नाही. माझी माय वाकते हे पटवायला तिला अजून एकदा, कॅमेऱ्यापुढे वाकवणार नाही.

सरांना लिहिलं, ‘उजेडाचं ऐकलं, हातांचं ऐकलं. पायांचं ऐकणार नाही.’ त्याखाली आधी आलं ते तेच स्टिकर. मग दुसरं. मग पडदा भरून तेच. मी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग ग्रुप सोडला.

स्टिकर अजून फिरतं. गेल्या महिन्यात भलत्याच ग्रुपमध्ये दिसलं, भलत्याच माणसानं टाकलेलं. ते मरणार नाही, हे मी समजून आहे. वर्गातली ती मुलगी अजून रोवनेवाली म्हणते. आता मी हसत नाही. वळून ‘हो’ म्हणते, आणि ती पुढे काय बोलते याची वाट पाहते.

मायला मात्र या वेळी विचारलं. ‘तुले खेळात घेऊ का?’ तिनं डाळीतला खडा काढून टाकला. मग म्हणाली, ‘घे. पन तुडवू नोको.’

खेळ मी एकटीच बनवते आहे. बोटानं, त्याच मोबाईलवर. एक बांधी आहे, एक बाई आहे, एक धुरा आहे. धुऱ्यावर खुर्ची आहे, खुर्चीत एक जण बसलेला आहे. बटण एकच. त्यावर मी लिहिलंय ‘पुढे’. दाबलं की ती मागे सरते. ज्याला सरळ चालवायचंय त्यानं दुसरा खेळ शोधावा. आणि ती बाई खुर्चीपर्यंत आली की तिथे थांबायची सोय मी ठेवलेली नाही. त्यानं पाय वर घेतला तरी खुर्ची चिखलात जाणार.