वहिनीच्या जागी आई

माझ्या वहिनीला देशाबाहेर घालवायचं की नाही हे सरकार ठरवत होतं, त्या दिवशी वहिनी गुडघाभर चिखलात वाकून धान रोवत होती. आणि सरकारसमोर खुर्चीत बसली होती माझी आई.

गावाबाहेर हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, तुमच्या घरात शिकलेलं कोणी नव्हतं का? होतं की. मी होते. घराण्यातली पहिली बी.ए., तीही पहिल्या वर्गात. पण मी चंद्रपुरात नोकरीला, आणि मला विचारावं असं कोणाला वाटलंच नाही. साऱ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी पदवीला कोण विचारतं?

वहिनी जन्मली बांगलादेशात. आईबाप गेल्यावर मामाने तिला तिकडून आणलं, तेव्हा ती मामाच्या खांद्यावर बसण्याएवढी होती. चामोर्शीच्या पलीकडे बंगाली वसाहत आहे, तिथे ती वाढली, तिथल्याच शाळेत शिकली आणि पुढे माझ्या भावाशी लग्न करून आमच्या गावात आली. आता रागावली तरच बंगालीत बोलते, त्यामुळे माझ्या भावाला बंगाली उत्तम समजतं. अशी धोकादायक बाई इतकी वर्षं सरकारच्या नजरेतून सुटलीच कशी, हा खरा प्रश्न होता. मग एकदा चौकशी निघाली आणि तिला देश सोडायची नोटीस आली. तिने अर्ज केला की मला पाठवू नका, माझी लेकरं इथं आहेत, तिकडं माझं कोणी नाही. ती कुठल्या कायद्यात बसते यावर कचेरीतल्या दोन टेबलांचं एकमत होत नव्हतं. शेवटी सुनावणीची तारीख पडली, आणि ती पडली नेमकी रोवण्याच्या दिवसांत.

आमच्याकडे रोवणा एकट्याने होत नाही. आज याच्या भाताच्या बांधीत, उद्या त्याच्या, असा घराघराचा नंबर लागतो. तुम्हाला दुसऱ्याच्या बांधीत जायला जमत नसेल तर घरचं कोणीही पाठवा, सुनेच्या जागी सासू चालते, जावेच्या जागी जाऊ. हात मोजले जातात, तोंडं नाहीत. पण तुमच्याच बांधीचा नंबर असेल आणि घरची सूनच बांधीवर नसेल, तर पुढच्या वर्षी तुमचे परे, म्हणजे धानाची रोपं, पाण्यात कुजले तरी कोणी येत नाही. सुनावणीच्या दिवशी नंबर आमचा होता. वहिनीने गावच्या रीतीने अगदी बरोबर हिशेब केला. बांधीत स्वतः उतरली आणि कचेरीत आईला पाठवलं. घरचं माणूस गेलं म्हणजे झालं.

आई नवं लुगडं नेसून गेली. साहेबाने अर्जदार कुठे म्हणून विचारलं. तिने सांगितलं, रोवण्यावर आहे, तिच्या जागी मी आली. साहेबाने मान हलवली, काहीतरी लिहिलं, आणि आईला चहा पाजला. आई खूश होऊन परतली. मी सांगितलेलं साहेबानं सारं लिहून घेतलं, असं तिने बांधावर उभं राहून सगळ्या बायांना सांगितलं.

साहेबाने लिहिलं होतं, अर्जदार गैरहजर. पुढची तारीख नाही, लेकरांविषयी अक्षर नाही, तिकडं कोणी नाही त्याविषयी अक्षर नाही. अर्ज फेटाळला. चहा मात्र खरा होता.

आता कुठे घराला माझी पदवी आठवली. मी नागपूरला वकील गाठला. त्याने उच्च न्यायालयात रिट टाकली आणि निकाल लागेपर्यंत वहिनीला हलवायचं नाही असा स्टे आणला. मग आईला समजावत बसला, की कोर्ट वहिनीला राहू द्यायचं की नाही हे ठरवणार नाही, साहेबाने नीट ठरवलं की नाही एवढंच पाहील. आई माझ्याकडे वळली. मग मी घरच्या भाषेत सांगितलं, की भात शिजला का हे कोर्ट पाहत नाही, चूल नीट पेटवली होती का तेवढं पाहते.

आई म्हणाली, "म्हंजे जेवाले नाईच भेटत."

बी.ए.च्या तिन्ही वर्षांत मला न्यायालयाविषयी इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

अंतिम सुनावणीला अर्धं गाव भाड्याच्या गाडीत बसून नागपूरला आलं. ग्रामसभेत एखादी गोष्ट ठरवायची तर ज्याला माहीत आहे तो उठून सांगतो, तसं इथंही उठून सांगायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. शेजारच्या काकूने तर भाषणच बसवलं होतं. वहिनी नवी नवरी असताना चुलीला घाबरायची इथपासून सुरुवात होती. मी सांगून थकले की या कोर्टात साक्षी होत नाहीत, फक्त कागद वाचतात. तुले काय समजते, काकू म्हणाली, तू शिकलेली.

आमचा नंबर आला आणि गेला. दोन्ही वकील बोलले. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला विचारलं, की अर्जदार जिवंत आहे, याच जिल्ह्यात आहे, कुठल्या बांधीत आहे हेसुद्धा तुमच्या अधिकाऱ्याला तिच्या सासूकडून कळलं होतं, तरी दुसरी तारीख का दिली नाही? सरकारी वकिलाने कागद उलटे केले, सुलटे केले. दोन्ही बाजूंना ‘अर्जदार गैरहजर’ एवढंच होतं.

आधीचा आदेश रद्द. अर्ज पुन्हा ऐका, अर्जदाराला समक्ष ऐका, आणि कारणं लिहून निर्णय द्या. तोवर तिला पाठवू नका.

गावाने पेढे घेतले. नागभीडला गाडी थांबवून भजी खाल्ली. मी सांगितलं की आपण जिंकलो नाही, आपण जिथून निघालो होतो तिथे, त्याच साहेबाकडे परत चाललो आहोत. कोणी ऐकलं नाही. वहिनीने मात्र ऐकलं. तिने हातातला पेढा पिशवीत ठेवला. काकू गावापर्यंत एकच म्हणत होती, "मले बोलूच नाई देल्लं."

नवी तारीख आली ती पुढच्या पावसाळ्यात, आणि नंबर पुन्हा आमचाच. सरकारला आमच्या रोवण्याचं वेळापत्रक कोण पुरवतं, मला अजून कळलेलं नाही. नागपूर पाहून आलेल्या गावाने आपली रीत मोडली, घरच्या बांधीतही सुनेच्या जागी सासू चालेल म्हटलं, आणि या वेळी वहिनी कचेरीत गेली, मी सोबत. साहेब तोच. पण आता त्याला कारणं लिहायची होती, म्हणून त्याने पहिल्यांदाच तिला प्रश्न विचारले. तिकडचं काय आठवतं म्हणून विचारलं. मामाच्या खांद्यावरून पाणी दिसत होतं, बाकी काही नाही, ती म्हणाली. मग त्याने विचारलं, नणंद सोडून घरचं दुसरं कोणी का आलं नाही?

"आज आमचा रोवणा हाये, साहेब. माह्या जागी आई बांधीत उतरली. तिथं चालते."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुधा त्याला मागच्या वर्षीची म्हातारी आठवली असावी. या वेळी चहा नव्हता, पण तो बराच वेळ लिहीत राहिला.

निर्णय आला तेव्हा धान लोंबीवर आलं होतं. राहायची परवानगी, सुनावणीच्या दिवसापासून एका वर्षाची. दर वर्षी नवी घ्यायची, आणि त्यासाठी दर वर्षी समक्ष हजर व्हायचं. मी आदेश दोनदा वाचून तारीख काढली. ऐन रोवण्याची. वहिनीने पिशवी शोधली, पण त्या पेढ्याला केव्हाच मुंग्या लागल्या होत्या.

मग ती मला म्हणाली, "बाई, आईचे गुडघे गेले. पुढच्या साली तुले माह्या जागी जावं लागन."

म्हटलं जाईन. कचेरीत काय बोलायचं ते आता मला चांगलं माहीत आहे.

"कचेरीत मीच जाईन," वहिनी म्हणाली. "तू बांधीत उतर."