उशिराचं कारण

"आधी ओटा झाडून घे. मग तुझ्या भावाचं बघू," आमचा वकील म्हणला.

मी झाडला. आष्टीत, त्याच्या हापिसापुढं, भर बाजारच्या दिवशी. खुर्च्यांवर बसलेल्या पक्षकारांनी पाय वर घेतले, मी खालून झाडू फिरवला. मीही पक्षकारच हाय, हे कुणाच्या ध्यानातही आलं न्हाई. आश्रमशाळेत दहावी केलेली मी. पण तोंड उघडलं की पारधीण म्हणून ओळखतात.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाला तीन वर्षं शिक्षा लागली होती. गावच्या बागायतदाराच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेलती. आमच्या पालात तिच्यातली तांब्याची तार सापडली, असा पंचनामा झाला. पंच दोघं. दोघंही त्याच बागायतदाराचे गडी.

वकिलानं सांगितलं, बीडच्या सत्र न्यायालयात अपील करता येतं, पण महिन्याच्या आत. आन त्याला निकालाची नक्कल लागती. ती आली की करू.

मी दर बाजारी गेले. आधी झाडायचं, मग ऐकायचं की नक्कल आली न्हाई. एकदा त्याची गाडी धुतली. चिखल लई होता. भावासाठी करतीय, असं मनाला सांगत होते.

मग एक दिवस तो म्हणला, "मुदत गेली. आता अपील केलं तर शिक्षा वाढंल. आन तुमच्या लोकांना जेल काय नवी हाय का? दोन टाइम खायला मिळतंय."

मी गप घरी आले. त्या गप बसण्याची आजही चीड येती.

बीडला जेलात भेटीला गेले. जाळीपलीकडून भावानं विचारलं, अपील कुठवर आलं? म्हणलं, नक्कलच मिळंना. मग त्यानं सांगितलं. निकालाच्या दिवशीच कोर्टानं त्याला नक्कल फुकट दिली होती, सही घेऊन. वकिलानं ती तिथंच काढून घेतली. बहिणीकडं देतो म्हणला.

म्हणजे मी झाडत होते तवा नक्कल त्याच्या हापिसातच होती.

दुसऱ्या दिवशी आष्टी गाठली. वकिलानं मान वर न करता झाडूकडं बोट केलं.

"न्हाई झाडणार," मी म्हणलं. "माझ्या भावाचा निकाल द्या. तुमच्यापाशी हाय."

खुर्च्यांवरचे पक्षकार वळून बघाय लागले. त्यानं कपाट उघडलं आन कागद माझ्या पायापाशी टाकले.

"हातात द्या."

मी हात पुढं धरला. शेवटी तो उठला, वाकला, कागद उचलून माझ्या हातात दिले.

बीडला सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे जेलातल्याच शिपायानं सांगितलं होतं. तिथं वकील शेख मॅडम भेटल्या. त्यांनी निकाल वाचला. म्हणल्या, आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढत न्हाई. खटला चालू असताना भाऊ जामिनावरच होता, निकालाच्याच दिवशी अर्ज दिला असता तर जेलात जावंच लागलं नसतं.

आता उशीर माफ करून घ्यायचा होता. त्याचा अर्ज, सोबत माझं शपथपत्र. मॅडमनी लिहायला घेतलं, 'अज्ञान व गरिबीमुळे उशीर झाला.' सगळे असंच लिहितात म्हणल्या. कोर्ट लवकर माफ करतं. वकिलाचं नाव घेतलं तर वाद वाढंल, तारखा पडतील, भाऊ आत राहील.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. भावाला विचारून आले. तो म्हणला, खरं लिही.

"मॅडम, मी अडाणी न्हाई. मला अडवलं. तसं लिहा."

त्यांनी ओळ खोडली.

तारखा पडल्याच. जजसाहेबांनी मला विचारलं, वकिलावर आरोप करताय, समजतंय का?

"समजतंय, म्हणून सही केलीय."

उशीर माफ झाला. अपील दाखल झालं. जामिनाला पुढची तारीख मिळाली, भाऊ अजून आत हाय. गुन्हा वकिलाचा आन माफी आमी मागायची, हे मला गिळवत न्हाई. म्हणून वकिलांच्या परिषदेकडं त्याच्यावर वेगळी तक्रार केलीय. परवा त्याची माणसं पालावर येऊन गेली. तक्रार मागं घे, भाऊ लवकर सुटंल म्हणली.

मी त्यांना बसा म्हणलं न्हाई. भाऊ उद्या सुटला तरी तक्रार मागं घेणार न्हाई. बोलावतील त्या तारखेला जाईन, आन झालं ते त्याच्या तोंडावर सांगीन.