खाली न बसणारी धूळ

आंबागडजवळच्या एका सरकारी धान फार्मवर मी काही वर्षं हवामानाच्या नोंदी घेत होते. पाऊस मोजायचा, वारा पाहायचा, थर्मामीटर वाचायचा. पण माझा जीव जडला होता ऊन मोजायच्या यंत्रावर. यंत्र कसलं, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेला कवठाएवढा भरीव काचेचा गोळा! त्याच्यामागच्या खाचेत रोज पुठ्ठ्याची एक नवी पट्टी सरकवायची. भिंगाखाली कागद जळतो तशी ती पट्टी जळायची. सूर्य जसा सरकेल तशी जळकी रेघ पुढं जायची, ढग आला की तुटायची. सूर्य मावळला की पट्टी काढून रेघ मोजायची. त्या दिवशी किती ऊन पडलं, ते सूर्यानंच लिहून ठेवलेलं असायचं.

ब्याऐंशी सालचा पावसाळा सरला. धान कापणीला आलं आणि माझ्या सकाळच्या रेघा बिघडल्या. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असूनही रेघ उशिरा सुरू व्हायची. तीही बारीक, नुसती करपल्यासारखी.

फार्मचे साहेब पुण्याकडचे. त्यांनी मागच्या वर्षीच्या पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या आणि मला बोलावलं.

"बाई, गोळा रोज पुसता का?"

"रोज पुसते, साहेब. मऊ कापडानं."

"मग दव राहत असेल. नाहीतर पट्टी तुम्ही सकाळी लावत असाल, उशिरा."

पट्टी मी कधीच सकाळी लावत नव्हते. संध्याकाळी जुनी काढली की लगेच नवी लावायची, हा माझा नेम होता. कान तापले माझे. मी म्हटलं, "साहेब, उद्या दिवस निघायच्या आधी तुम्हीच या. गोळाही तुम्हीच पुसा."

ते खरंच आले. मफलर गुंडाळलेला, हातात चहाचा पेला. त्यांनी गोळा स्वतः पुसला, पट्टी तपासली. आम्ही दोघं ओट्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. सूर्य निघाला. धानाच्या गंजीची लांब सावली पडली. ढगाचा कुठं ठिपका नव्हता. आम्ही पट्टीकडे पाहत राहिलो. जळेना.

सूर्य चांगला वर आल्यावर साहेबांनी पट्टी काढली आणि तिच्या जागी तळहात धरला. उजेडाचा ठिपका हातावर पडला. सूर्य एवढा वर आल्यावर चटक्यासरशी हात मागं यायला हवा होता. त्यांनी तो बराच वेळ तसाच ठेवला. मग गंजीच्या आड उभं राहून, सूर्य झाकून, त्यांनी आभाळाकडे पाहिलं आणि मलाही बोलावलं. सूर्याच्या भोवती दूध सांडल्यासारखं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्याला लांबवर तांबूस किनार होती.

"तुमची चूक नाही, बाई," ते म्हणाले. "हे वरचंच काहीतरी आहे."

त्यांनी पुण्याला, हवामान खात्यातल्या एका जुन्या मित्राला पत्र लिहिलं. उत्तर यायला महिना लागला. साहेबांनी ते मला समोर बसवून वाचून दाखवलं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मेक्सिकोत, म्हणजे पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, एक ज्वालामुखी फुटला होता. त्याची राख आणि गंधकाचा वायू ढगांच्याही वर गेला. राख बरीचशी बसली. वायूचे मात्र तेजाबाचे बारीक बारीक थेंब झाले आणि वाऱ्यानं ते पृथ्वीभर पसरवले. त्या थेंबांमुळं ऊन वरच्या वर विखुरत होतं, काही तर आल्या वाटेनं परत जात होतं. जमीन त्यामुळं किंचित थंड होते, असंही पत्रात होतं. आमच्या थर्मामीटरला ते काही कळलं नाही. त्याचा रोजचा चढउतार त्याहून मोठा. कळलं ते त्या गोळ्याला. रेघ पुन्हा पहिल्यासारखी वेळेवर जळू लागायला पुढं दोन हिवाळे जावे लागले.

पत्र आलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी चिखल्याला घरी गेले. बाबा तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत भुयारात काम करत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि मान हलवली.

"हे काही पटत नाही, माय. धूळ कवाची ना कवाची खालीच बसते. इतके वर्स झाले, मी धूळच पाहून राहिलो."

"ढगाच्या वर पानी पडत नाही, बाबा. तिले धुणार कोन?"

त्यांनी विचार केला. "अन् तिथं आमच्या भुयारातल्यासारखा हवा फेकाचा पंखा बी नसन."

"नाही ना."

"मंग किती दिवस राहाते ते?"

"दोन-तीन वर्सं, म्हणतेत साहेब."

बाबा उठले. "चाल, दाखव मले."

संध्याकाळ होत होती. आम्ही खाणीच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलो. सूर्य मावळला, आभाळ राखाडी झालं, कॉलनीत दिवे लागले. बाबा म्हणाले, "झालं, काही नाही." आणि तेवढ्यात, मावळलेल्या जागेच्या खूप वर, उजेड परत चढायला लागला. आधी गुलाबी, मग जांभूळ पिळल्यासारखा. समोरच्या भिंती रंगल्या, बाबांचा चेहरा रंगला. हे रंग मी फार्मवरूनही पाहिले होते, पण ते कुठून आले ते कळल्यावर आज पहिल्यांदा पाहत होते.

बाबांची त्या दिवशी सुट्टी होती, पण त्यांचे सोबती दिवसपाळी सुटून परतत होते. कपड्यांवर काळी भुकटी. "जंगलाले आग लागली का?" एकानं विचारलं. बाबांनी त्यांना ओट्यावर बोलावलं आणि मी सांगितलेलं सगळं आपल्या भाषेत सांगितलं. समुद्रापलीकडं ब्लास्टिंग झाली, तिचा धूर हा इथवर आला, म्हणाले. कोणी हसलं नाही.

त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडे वळला. "अन् तिथचे लोक, बाई?"

पत्रात त्याबद्दल दोन ओळी होत्या. त्या मी बाबांनाही सांगितल्या नव्हत्या. "गावंच्या गावं राखेखाली गेली," मी म्हटलं. "घरांवरची छपरं बसली. दिवसा अंधार झाला, श्वास घेता येत नव्हता लोकांले."

भुयारात काम करणारी माणसं ती. श्वास घेता येत नाही म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सगळे पुन्हा पश्चिमेकडे वळले.

"तो पहाड थंडा झाला का आता?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मले नाही माहीत, बाबाजी."

उजेड हळूहळू विटकरी होत खाली गेला. तो पुरता जाईपर्यंत कोणी ओटा सोडला नाही. मग एकेक जण आंघोळीला घराकडे निघाला.