एका आठवड्याचं पथ्य

सोफेवाल्यांच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडून डॉक्टरांनी आत जाळी बसवली, त्याला बारा वर्षं झाली. जाळी मजेत होती, सोफेवाले त्याहून मजेत. गोळ्या वेळेवर, रोज फिरणं, सिगरेटला कायमचा रामराम. दुखणं एकच होतं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना सांगितलं होतं, "यांना जड उचलू देऊ नका," आणि काकूंच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

आता, सोफे दुरुस्त करणाऱ्यानं सोफाच उचलायचा नाही म्हटल्यावर करायचं काय? दुकानात आलेला सोफा एकीकडून गिऱ्हाईक धरायचं, दुसरीकडून काकू. सोफेवाले हातात टेप घेऊन "जरा डावीकडे, हं, दार सांभाळा" करत मागे मागे. गिऱ्हाईक गालातल्या गालात हसायचं आणि या भल्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात यंदा काकूंची कंबर धरली. तरी बाई उचलतच राहिल्या. ते बघून सोफेवाल्यांचा जीव तुटायचा.

दरवर्षी तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी "काही विचारायचंय?" म्हटलं, की नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत काकू "काही नाही" म्हणून उठायच्या. या वेळी कंबरेमुळे त्या आल्याच नाहीत. सोफेवाले तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर झपाझप चालले. डॉक्टर खूश झाले.

"मग साहेब, सोफा उचलू का?"

"म्हणजे? इतकी वर्षं उचलत नव्हता?"

"तुम्हीच नको म्हणालात ना!"

"अहो, जाळी मनगटातून आत घातली होती, ते तिथली जखम भरेपर्यंत! आठवडाभरासाठी!"

सोफेवाले तणतणत दुकानात शिरले. दारात एक गिऱ्हाईक भला थोरला सोफा घेऊन उभं होतं आणि काकू पदर खोचत होत्या.

"आठवड्याचं पथ्य होतं ते! बारा वर्षं विसरलीस?"

"विसरेन कशी?" काकू म्हणाल्या. "आठवडा संपला, तेव्हा तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. म्हटलं, लागू पडतंय. अजून एक आठवडा पाळू." त्या सोफ्याकडे वळल्या. "मग दर आठवड्याला तेच म्हणत गेले."

सोफेवाल्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी खिशातला टेप काढून बायकोच्या हातात दिला आणि सोफ्याचं टोक धरलं.

"आता तू फक्त 'जरा डावीकडे' म्हण."